पट्टीवरचं ‘आयपी’ आणि अण्णांची शुगर

स. न. वि. वि.

आम्ही चिपळूणला राहतो. अण्णा (वय ७१) बरीच वर्षं शुगरची आणि बीपीची गोळी घेतात, आईला थायरॉइड आहे. औषधांचा खर्च झेपेना म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर अण्णांच्या दोन्ही गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणायला लागले. बिल निम्म्याहून खाली आलं. पण तेव्हापासून अण्णांचं पोट बिघडतंय. उपाशीपोटीची शुगर १२०-१२५ असायची, ती १५० च्या पुढे गेली. गेल्या आठवड्यात बीपीच्या गोळ्या मऊ पडून डब्याला चिकटलेल्या दिसल्या. अण्णा म्हणतात, ‘स्वस्तातलं औषध ते, अंगाला लागतच नाही.’ पुण्याचा दादा फोनवर ‘स्टँडर्ड कंपनीचंच आण, चार पैशांकडे बघू नकोस’ म्हणून ऐकवतो. त्यात बातम्यांमध्ये नापास औषधांच्या याद्या. मी शुगरची एक गोळी पाण्याच्या ग्लासात टाकून पाहिली, वीस मिनिटांनीसुद्धा पूर्ण विरघळली नाही. जुन्या-नव्या पट्ट्यांचे आणि डब्याचे फोटो सोबत पाठवतेय. दोन्हींवर ‘आयपी’ लिहिलंय. हा नक्की कोणाचा शिक्का? अण्णांची जुनी गोळी परत सुरू करू की आईचीही बदलू? आणि औषध खराब निघालंच तर तक्रार कुणाकडे करायची?

– एक वाचक, चिपळूण

*

फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. अण्णांच्या पोटाचं आणि शुगरचं बरंचसं उत्तर त्या फोटोंतच आहे, आणि त्याचा स्वस्त-महागाशी काही संबंध नाही.

शुगरच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून वाचा. कंपनीचं नाव वाचू नका, त्याच्याजवळ असतं ते औषधाचं मूळ नाव वाचा. सप्टेंबर २०१८ पासून हे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे चष्मा न लावताही दिसावं. जुन्या पट्टीवर आहे ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड प्रोलाँग्ड-रिलीज टॅब्लेट्स आयपी ५०० मि.ग्रॅ.’. नव्या पट्टीवर आहे ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड टॅब्लेट्स आयपी ५०० मि.ग्रॅ.’. मधले ‘प्रोलाँग्ड-रिलीज’ हे शब्द गायब आहेत. म्हणजे अण्णांची जुनी गोळी पोटात तासन्‌तास हळूहळू औषध सोडणारी होती आणि नवी साधी आहे. दोन्हींत औषध तेच, वजन तेच, पण या दोन वेगवेगळ्या गोळ्या आहेत. औषधांच्या मानकांचं एक पुस्तक असतं, त्याबद्दल पुढे सांगते; त्यातही त्यांची पानं वेगळी आणि कसोट्या वेगळ्या.

मेटफॉर्मिनची साधी गोळी पोटाला जास्त त्रास देते, मळमळ आणि जुलाब हे तिचे नेहमीचे त्रास. हळू सुटणारी गोळी निघाली त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय हळू सुटणारी गोळी बहुधा रात्रीच्या जेवणाबरोबर एकदाच देतात, साधी दिवसातून दोन-तीनदा विभागून. अण्णा नवी साधी गोळी जुन्या सवयीने रात्री एकच घेत असणार. मग पोटही बिघडणार आणि औषध दिवसभर पुरणारही नाही. शुगर वाढायला दुसरीही कारणं असतात, ती डॉक्टरांनी बघायची. पण औषध ‘अंगाला लागत नाही’ असा निकाल देण्याआधी ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

ही चूक कशी होते तेही सांगते, कारण मेडिकलच्या काउंटरवर ती रोज होते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलेलं असतं आणि शेवटी ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ अशी दोन अक्षरं, म्हणजे हळू सुटणारी गोळी. घाईत आपण ‘मेटफॉर्मिन पाचशे द्या’ म्हणतो आणि समोरचा तेच देतो. जनऔषधी केंद्रात हळू सुटणारी मेटफॉर्मिनही मिळते. डॉक्टरांना विचारून तीच आणा. आणि ती सुरू झाल्यावर कधी शौचात गोळीच्या आकाराचं काही मऊसं दिसलं तर घाबरून मला पुन्हा पत्र लिहू नका! औषध निघून गेल्यावर उरलेला तो रिकामा सांगाडा असतो, महागड्या ब्रँडचाही तसाच पडतो. ही गोळी मात्र अर्धी तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही.

आता बीपीच्या गोळ्या. फोटोत पट्टी दिसते ती टेल्मिसार्टनची, दोन्ही बाजूंनी जाड अ‍ॅल्युमिनियमची. ती जाडी उगाच नसते. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा पटकन ओढते, म्हणून ती तशा पट्टीत बंद करतात आणि खाण्याच्या वेळीच बाहेर काढायची असते. तुम्ही सात खणांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून ठेवता, आणि फोटोत डब्यामागे गॅसची शेगडी दिसतेय. जुलै महिना, चिपळूण, त्यात भाताची वाफ. कोणत्याही कंपनीची गोळी मऊ पडेल. आधीच्या ब्रँडच्या वेळी हे झालं नसेल, पण तेव्हा उन्हाळा होता.

डबा टाकून देऊ नका, अण्णांनी घेतलं की नाही ते कळायला तो चांगला आहे. गोळ्या काढून ठेवण्याऐवजी पट्टीच कात्रीने एकेका गोळीपुरती कापा आणि तो तुकडा खणात ठेवा. कापताना शेवटची गोळी राहील त्या तुकड्यावर बॅच नंबर आणि मुदत राहील असं बघा, कारण ते पट्टीच्या एकाच टोकाला छापलेलं असतं. मऊ पडलेल्या गोळ्या मात्र अण्णांना देऊ नका.

एवढं झालं की तुमचा मूळ प्रश्न उरतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, मराठीत भारतीय औषधकोश. बरेच लोक त्याला आयएसआयसारखा, कोणीतरी तपासून मारलेला शिक्का समजतात. तसं नाही. ते एक पुस्तक आहे, जाडजूड आणि अनेक खंडांचं. प्रत्येक औषध कशाला म्हणायचं, त्यात किती टक्के औषध असलं पाहिजे, काय असता कामा नये आणि हे तपासायचं कसं, ते त्यात लिहिलेलं असतं. पहिली आवृत्ती १९५५ सालची. आता गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग ते काढतो आणि दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. पट्टीवर ‘आयपी’ छापणं म्हणजे उत्पादकाने ‘माझी गोळी या पुस्तकाप्रमाणे आहे’ असं लिहून देणं. ते खोटं निघालं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली तो गुन्हेगार ठरतो.

गंमत म्हणजे, न छापताही तो सुटत नाही. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे जे औषध या पुस्तकात आहे, त्याला पुस्तकातली ओळख, शुद्धता आणि ताकद लागूच होते. जनऔषधी केंद्रातल्या गोळीला सवलत नाही आणि दादाच्या स्टँडर्ड कंपनीला वेगळं, वरच्या दर्जाचं पुस्तक नाही. पास होण्याची रेघ एकच आहे.

पट्टीवर ‘आयपी’ कुठे छापलंय तेही बघत चला. वर मूळ नावात ‘टॅब्लेट्स’ या शब्दानंतर असेल तर तयार गोळी पुस्तकाप्रमाणे आहे. खाली ‘प्रत्येक गोळीत’ या ओळीत औषधाच्या नावापुढे असेल तर फक्त आत घातलेली पावडर पुस्तकाप्रमाणे आहे. दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या अनेक गोळ्यांवर ते फक्त खालीच दिसतं, कारण त्या जोडगोळीचं पान पुस्तकात नसतं. तिथे तयार गोळीचं मोजमाप उत्पादकाने स्वतः ठरवलेलं असतं. बेकायदा काही नाही, पण मला स्वतःला एका गोळीत तीन औषधं कोंबायची आपल्याकडची हौस फारशी पटत नाही, आणि हे त्यातलं एक कारण.

तुम्ही ग्लासात केलेला प्रयोग प्रयोगशाळेत कसा होतो ते सांगते. मी पुष्कळ वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांकडून हीच तपासणी करून घेतली आहे, त्यामुळे इथे थोडी रेंगाळेन.

आधी वजन. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या आणि सरासरी काढायची. २५० मि.ग्रॅ. किंवा त्याहून जड गोळी असेल तर सरासरीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक असलेल्या गोळ्या दोनपेक्षा अधिक चालत नाहीत, आणि एकीचाही फरक १० टक्क्यांवर गेला तर बॅच नापास. मग फुटण्याची कसोटी. तळाला जाळी असलेल्या सहा काचनळ्यांत सहा गोळ्या, खाली ३७ अंशांचं पाणी, आणि यंत्र त्या नळ्या एकसारख्या वर-खाली बुडवत राहतं. आवरण नसलेल्या गोळीला १५ मिनिटं, पातळ आवरण असलेल्या गोळीला ३० मिनिटं, साखरेचं आवरण असेल तर ६० मिनिटं. तेवढ्यात ती भुगा होऊन जाळीतून खाली गेली पाहिजे. तुमची गोळी आवरणाची, ग्लास स्थिर, आणि तुम्ही विसाव्या मिनिटाला निकाल दिलात! जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळण्यासाठीच बनवलेल्या गोळ्याही असतात. त्यांना आधी दोन तास आम्लात ठेवतात आणि तिथे त्या फुटल्या तर नापास करतात. ग्लासातल्या पाण्यावरून यातलं काहीच कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिनेगरच्या आणि तरंगण्याच्या चाचण्यांचंही तेच.

फुटणं आणि औषध पाण्यात उतरणं या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून पुढची कसोटी विरघळण्याची. गोल बुडाच्या भांड्यात अंगाच्या तापमानाचं द्रावण, त्यात एक गोळी, वर ठरलेल्या वेगाने फिरणारं वल्हं. ठरावीक मिनिटांनी द्रावणाचा नमुना काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजतात. हळू सुटणाऱ्या गोळीला इथे उलटी अट असते. पहिल्या टप्प्यात ठरलेल्यापेक्षा जास्त औषध सुटलं तरी ती नापास. याद्यांमध्ये नापास झालेल्या गोळ्यांपुढे ‘डिझोल्यूशन’ हे कारण वारंवार दिसतं, ते हे.

आणि मग ताकद, म्हणजे गोळीत औषध किती. मेटफॉर्मिनच्या गोळीत छापलेल्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्के औषध असलं पाहिजे. पाचशेच्या गोळीत ४७५ मि.ग्रॅ. सापडलं तरी पास आणि ५२५ सापडलं तरी पास. काही औषधांना ९० ते ११० ची सूट असते. म्हणजे पास झालेल्या दोन गोळ्याही हुबेहूब सारख्या नसतात, एकाच कंपनीच्या दोन बॅचसुद्धा. आईच्या गोळीच्या वेळी हे लक्षात ठेवा.

राहिली शुद्धता. आपण मराठी माणसांनी तरी हा भाग विसरू नये, कारण त्याचा धडा मुंबईत गिरवला गेलाय. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी ते तोंडाने देत असत. ते औषधी दर्जाचं नव्हतं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यांत वापरतात ते, मूत्रपिंड निकामी करणारं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंत सगळ्या साखळीचे वाभाडे काढले. एवढं होऊनही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलं गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या बाटल्यांच्या बॅचमध्ये हेच रसायन ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. औषध बरोबर मापात आहे एवढं पाहून भागत नाही, ज्यात ते घोळलंय त्याचाही पिंप उघडून तपासावा लागतो. तो तपासला की नाही हे पट्टीवरून किंवा बाटलीवरून तुम्हाला-मला कधीच कळणार नाही. ती जबाबदारी उत्पादकाची आणि सरकारची आहे.

म्हणून दादाचं भय मी उडवून लावणार नाही. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत औषधच नसल्याचं उघडकीला आलं, ते काही फार जुनं नाही. केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ मध्ये देशभरातून ४७ हजार नमुने उचलून तपासले, त्यात ३.१६ टक्के अप्रमाणित निघाले आणि ०.०२४५ टक्के बनावट. सरकारी साठ्यांमधल्या नमुन्यांत अप्रमाणित औषधांचं प्रमाण १० टक्क्यांच्या घरात होतं. या आकड्याची लाज वाटायला हवी. पण दादाने त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतोय. अप्रमाणित म्हणजे खरीखुरी कंपनी, खरा परवाना, पण माल पुस्तकाच्या रेघेखाली. बनावट म्हणजे दुसऱ्याच्या नावाने काढलेला माल. आणि बनावट माल काढणारा खपणाऱ्या, महागड्या ब्रँडचीच नक्कल करतो, त्यातच पैसा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ज्या यादीवरून गदारोळ झाला, तिच्यात घरोघरी माहीत असलेले ब्रँड होते आणि त्यांतल्या काही कंपन्यांनी ‘ही बॅच आमची नव्हेच’ असा खुलासा केला होता.

दादाला सांगा, त्याच्या आवडत्या कंपनीची पट्टी उलटी कर. ‘मार्केटेड बाय’ पुढे एक नाव असतं आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढे पुष्कळदा दुसरंच, हिमाचलातल्या बद्दी नाहीतर हरिद्वारच्या एखाद्या कारखान्याचं. तोच कारखाना आणखी पाच जणांसाठी गोळ्या करत असतो. मार्च २०२१ पासून नाव लावणारी कंपनीही दर्जाला जबाबदार धरली जाते, ते योग्यच झालं. जास्तीच्या किमतीत तुम्ही जाहिरात, डॉक्टरांकडे खेपा घालणारे प्रतिनिधी आणि दुकानदाराचा नफा यांचेही पैसे देत असता. चांगली कंपनी जास्त काळजी घेत असेल, नाही असं नाही. किमतीवरून ते ओळखता मात्र येत नाही.

जनऔषधीचा माल विक्रीला यायच्या आधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते असा त्या योजनेचा नियम आहे. तरीही तिथल्या काही बॅच नंतर अप्रमाणित निघाल्या आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सांगते: मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनसाठी मी केंद्रातूनच आणेन, आणि शुगर-बीपीची वही नीट ठेवेन. घरची वही हीच आपल्या हातातली खरी तपासणी. उपाशीपोटीच्या एका आकड्यावर जाऊ नका. योग्य गोळी सुरू होऊन तीन महिने झाले की एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करा. तो बरा आला तर अण्णांना रिपोर्टच दाखवा, वाद घालू नका.

आईची गोष्ट वेगळी आहे. थायरॉइडच्या, म्हणजे थायरॉक्सिनच्या, ५० च्या गोळीत औषध असतं ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. एवढंसं औषध किलोकिलोंच्या पावडरीत सारखं मिसळणं हे अवघड काम आहे, म्हणून अशा गोळ्यांच्या वीस-तीस गोळ्यांचा एकत्र भुगा करून सरासरी काढून चालत नाही, एकेक गोळी स्वतंत्र मोजावी लागते. आणि या औषधाचा डोस थोडा इकडे-तिकडे झाला तरी शरीराला कळतं. वर सांगितलेला पास झालेल्या दोन गोळ्यांमधला फरक मेटफॉर्मिनमध्ये पचून जातो, इथे तो टीएसएचच्या, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टमध्ये दिसू शकतो. फिटची औषधं आणि रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन यांचंही असंच. यात स्वस्त गोळी वाईट असा अर्थ नाही. दर महिन्याला मिळेल ती बाटली आणणं वाईट. आईचं सध्या ठीक चाललंय, तर मी हलवणार नाही. बदलायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून एकदा बदला, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा आणि मग त्याच गोळीवर राहा. शंभर गोळ्यांची ती गडद बाटली येते, ती उन्हापासून आणि ओलाव्यापासून गोळ्यांना जपते, म्हणून त्या अण्णांच्या डब्यात ओतू नका. फ्रिजवरही ठेवू नका, तिथे मागून गरम हवा येते. झोपायच्या खोलीतलं कपाट बरं.

तक्रारीचं. तुमच्या चिकटलेल्या गोळ्यांची तक्रार टिकणार नाही, त्या पट्टीबाहेर पडून आठवडा झालाय. पण बंद पट्टीत डाग पडलेली, फुटलेली, रंग बदललेली किंवा खणच रिकामा असलेली गोळी दिसली तर पट्टी उघडू नका. बिल आणि पट्टी घेऊन आधी दुकानात जा. दुकानदाराने बदलून दिली तरी बॅच नंबर लिहून घ्या, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा. रत्नागिरीला त्यांचं जिल्हा कार्यालय आहे, आणि १८००२२२३६५ हा त्यांचा मोफत क्रमांक. औषध निरीक्षक त्याच बॅचचा सीलबंद माल दुकानातून उचलतो आणि त्याचे चार भाग करतो. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टासाठी आणि एक उत्पादकाला. सरकारी अहवाल मान्य नसेल तर २८ दिवसांत आव्हान देता येतं आणि मग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचा निकाल अंतिम. हे सगळं व्हायला वेळ लागतो, तोवर बॅच विकून संपलेली असते, हा तुमचा आक्षेप असेल तर तो रास्त आहे.

कायद्याचं २६ वं कलम फार कमी लोकांना ठाऊक आहे. कोणीही सामान्य ग्राहक, स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याच्या सहीचा अहवाल मागू शकतो. त्यासाठी बिल पक्कं हवं, त्यावर बॅच नंबर हवा. ‘बिल कशाला, रोजचेच तुम्ही’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडूनही बिल घ्या. औषधाने अंगावर पुरळ, चक्कर असं काही झालं, तर तो विषय दर्जाचा असेलच असं नाही. त्यासाठी १८००१८०३०२४ हा वेगळा क्रमांक आहे, तोही गाझियाबादच्या त्याच आयोगाचा.

आणि दर महिन्याला केंद्रीय औषध नियंत्रण संस्था जी नापास यादी काढते, ती वाचताना औषधाच्या नावापाशी थांबू नका. पुढच्या रकान्यात बॅच नंबर असतो आणि त्यापुढे कारण. नापास झालेली असते ती बॅच. तुमच्या पट्टीवरचा नंबर तोच असेल तर गोळी बाजूला ठेवा, दुसरी बॅच आणा. औषध मात्र बंद करायचं नाही. बातमी वाचून बीपीची गोळी सोडून दिलेल्या माणसांना जे होतं, ते अप्रमाणित गोळीने होण्यापेक्षा वाईट असतं. मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडच्या पट्टीवर किंवा खोक्यावर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असतो. दादाच्या आवडत्या कंपनीच्या गोळ्यांवर तो असेल तर मोबाइलने उघडून बघा. बॅच, मुदत आणि उत्पादक पट्टीवरच्यासारखेच निघाले पाहिजेत.

या आठवड्यात करायचं काम एकच. अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे जा, जाताना जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या बरोबर न्या, मोबाइलमधला फोटो नको. चिठ्ठीवर मूळ नाव आणि ‘प्रोलाँग्ड-रिलीज’ हे शब्द पूर्ण लिहून मागा. भेट होईपर्यंत गोळी बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने एकीच्या दोन गोळ्याही देऊ नका. साधी गोळी जेवता-जेवता किंवा जेवणानंतर लगेच दिलीत तर पोटाला तेवढाच आराम.